ईस्टरच्या सजावटीला सुतळीची साथ

धान्याच्या पोत्याची शिवण उसवून निघालेली सुतळी फेकून न देता तिचा गुंडा करून फडताळात ठेवणे, ही मराठी घरांतील जुनी सवय. बांधाबांधीपलीकडे या सुतळीचा काही उपयोग असेल, असे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. युरोप-अमेरिकेतील अनेक घरांत हीच खरखरीत, मातकट रंगाची सुतळी ईस्टरच्या सजावटीत मानाने मिरवते. सुतळी गुंडाळलेली अंडी, सुतळीची घरटी, दारावर टांगलेले गोल कडे आणि वाळक्या फांदीवर झुलणारी रंगीत टरफले, असे या सजावटीचे साधे स्वरूप असते. खेड्यातील घराची आठवण करून देणारी ही सजावट मुंबई, वसई, पुणे वा गोव्यातील घरांतही सहज करता येण्याजोगी आहे. तिला लागणारे बहुतेक सामान स्वयंपाकघरातच सापडते. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या अंड्यांना आणि कृत्रिम गवताला ती स्वस्त पर्याय आहेच. शिवाय सणाच्या मूळ परंपरेशीही तिचे नाते अधिक जवळचे आहे.

उपवासकाळ आणि अंडे

येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण म्हणजे ईस्टर. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार हा ईस्टरचा दिवस. चर्चच्या गणनेत वसंतसंपात २१ मार्च असा निश्चित धरला जातो. त्यामुळे पाश्चात्त्य चर्चच्या पंचांगानुसार हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो. २०२६ मध्ये ही तारीख ५ एप्रिल, तर २०२७ मध्ये २८ मार्च आहे. राखेच्या बुधवारापासून सुरू होणारा, रविवार वगळता चाळीस दिवसांचा उपवासकाळ ईस्टरपूर्वी पाळला जातो.

अंड्याचा ईस्टरशी संबंध जुळला तो या उपवासामुळेच. मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात मांसाबरोबर दूध आणि अंडीही वर्ज्य असत. माणसे उपवास करीत. कोंबड्या मात्र नेहमीप्रमाणे अंडी घालीत राहत. साठलेली अंडी सणाच्या दिवशी बाहेर निघत. ती रंगवली जात, एकमेकांना भेट दिली जात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० मधील हिशेबात ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्च झाल्याची नोंद आहे. ती रंगवून आणि सोन्याचा वर्ख लावून दरबारी मंडळींना वाटण्यात आली होती. बंद कवचातून बाहेर येणारा जीव हे रिकाम्या कबरीचे आणि नव्या जीवनाचे प्रतीक, असा अर्थ या प्रथेला लाभला. ग्रीसमध्ये आजही ईस्टरची अंडी लाल रंगात रंगवली जातात. मेणाच्या साहाय्याने नक्षी काढलेली युक्रेनची ‘पिसांका’ अंडी तर जगप्रसिद्ध असून, २०२४ मध्ये युनेस्कोने या कलेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

अंड्यावर दोरा चिकटवण्याची कल्पनाही आजची नव्हे. पोलंडच्या खेड्यांत पाणगवताच्या देठातील मऊ गाभा आणि लोकरीचा धागा टरफलावर वळणावळणाने चिकटवून अंडी सजवण्याची परंपरा आहे. मोराव्हियात त्यासाठी वाळलेल्या काडाचे बारीक तुकडे वापरले जातात. घरात, शेतात जे असेल त्यानेच सण सजवायचा, हा या सर्व प्रथांमागचा समान धागा होय.

सुतळीची कुळकथा

परदेशी सजावटीच्या दुकानांत ‘ग्रामीण ढंगाची’ म्हणून विकली जाणारी सुतळी मूळची बहुधा भारतीय उपखंडातीलच असते. जगातील बहुतांश ज्यूट भारत आणि बांगलादेश या दोन देशांत पिकते. पिकाची कापणी झाल्यावर त्याच्या जुड्या पाण्यात बुडवून कुजवतात आणि मग देठावरचा वाख सोलून काढतात. एकोणिसाव्या शतकात हा कच्चा माल बंगालमधून स्कॉटलंडमधील डंडी शहरातील गिरण्यांत जात असे. पुढे १८५५ मध्ये हुगळीकाठी रिश्रा येथे भारतातील पहिली ज्यूट गिरणी सुरू झाली. ज्यूटला मराठीत तागही म्हणतात. मात्र महाराष्ट्रातील शेतकरी हिरवळीच्या खतासाठी जो ताग पेरतात, ते पीक वेगळे.

कुळकथेतील एक तपशील गृहसजावटीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वाख मऊ पडावा आणि कताईत तुटू नये, म्हणून गिरणीत त्यावर तेल आणि पाण्याचे मिश्रण शिंपडले जाते. हे तेल बहुधा खनिज असते. नव्या सुतळीला येणारा रॉकेलसारखा वास त्याचाच. त्यामुळे आणलेला गुंडा सैल करून एक-दोन दिवस उन्हात ठेवावा आणि मगच कामाला घ्यावा. खाण्याच्या वस्तूंशी सुतळीचा थेट स्पर्श होऊ देऊ नये.

सामानाची जुळवाजुळव

सहा अंडी, एक घरटे आणि दारावरचे एक कडे एवढ्या सजावटीसाठी दोन मिलिमीटर जाडीची पाव किलो सुतळी पुरून उरते. त्याखेरीज कात्री, दाभण, बांबूच्या सळया, जाड पुठ्ठा, खाकी कागद आणि डिंक लागतो. परदेशी पद्धतीत अंड्याच्या आणि कड्याच्या साच्यासाठी थर्माकोलचा सर्रास वापर होतो. महाराष्ट्रात २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. खरे टरफल आणि पुठ्ठा हाताशी असताना त्याची गरजही भासत नाही.

चिकटवण्यासाठी बाजारातील पांढरा डिंक चालतो. अधिक साधा आणि मातीत मिसळणारा पर्याय म्हणजे मैद्याची खळ. दोन मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा. त्यात कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे. मिश्रण घट्ट आणि काहीसे पारदर्शक झाले की उतरवून गार करावे. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने मुले हाताळणार असलेल्या वस्तूंसाठी टाळावे. साध्या खळीच्या वस्तूंकडे झुरळे वळू शकतात, त्यामुळे त्या एकाच हंगामापुरत्या धराव्यात.

टरफल रिकामे करताना

अंडे स्वच्छ धुऊन पुसून घ्यावे. दाभणाने निमुळत्या टोकाला बारीक, तर रुंद टोकाला तीन-चार मिलिमीटरचे छिद्र पाडावे. दाभण आत फिरवून बलक फोडावा. वरच्या छिद्रातून हवा भरली की खालच्या छिद्रातून आतला भाग वाटीत उतरतो. त्यासाठी टरफलाला तोंड न लावता औषध देण्याची सुई नसलेली पिचकारी वापरावी. कच्च्या अंड्यावर साल्मोनेला जिवाणू असण्याची शक्यता असते. टरफलात पाणी भरून दोन-तीनदा खळबळून काढावे, शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घालावे आणि टरफल उपडे ठेवून दिवसभर वाळू द्यावे. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. वाटीत जमलेल्या अंड्यांचे ऑम्लेट त्याच दिवशी नीट शिजवून खावे किंवा ती केकसाठी वापरावीत.

सुतळीचे अंडे

कोंबडीच्या एका मध्यम अंड्याला साडेतीन ते चार मीटर सुतळी लागते. दोन्ही छिद्रांतून बांबूची सळई ओवली की टरफल हातात धरणे सोपे जाते. रुंद टोकाच्या छिद्राभोवती डिंकाचा पातळ थर द्यावा. सुतळीचे टोक तेथे दाबून धरावे आणि पहिले दोन-तीन फेरे एकमेकांना खेटून घालावेत. हे फेरे पक्के बसेपर्यंत मिनिटभर थांबावे; संपूर्ण अंड्याचा आकार या सुरुवातीवर अवलंबून असतो. पुढे एका वेळी दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यालाच डिंक लावून गुंडाळत जावे. सगळीकडे एकदम डिंक लावल्यास तो वाळतो आणि हातही चिकट होतात. निमुळत्या टोकाला फेरे घसरू लागतात, म्हणून तेथे सुतळी ओढू नये. नुसती टेकवत न्यावी. अखेरचे टोक तिरके कापून आधीच्या फेऱ्याखाली दाभणाने सारावे.

अंडे टांगायचे असल्यास सळई काढून दुहेरी दोरा दोन्ही छिद्रांतून ओवावा आणि खाली एक मणी किंवा गाठ द्यावी. सर्व अंडी पूर्ण झाकण्याचीही गरज नसते. केवळ कमरेवर चार-पाच फेरे घालून त्यात वाळलेली गव्हाची लोंबी किंवा कडुनिंबाची डहाळी खोवली, तरी पांढऱ्या टरफलावर ती शोभून दिसते.

वाटीवरचे घरटे

घरट्यासाठी स्टीलची मोठी वाटी उपडी ठेवून तिला बाहेरून खोबरेल तेलाचा हात फिरवावा. दहा-बारा मीटर सुतळी पातळ केलेल्या खळीत भिजवावी आणि बोटांनी निथळून घ्यावी. वाटीवर ती आडवी-तिडवी, मध्ये फटी राखत गुंडाळावी. पक्ष्याचे घरटे काटेकोर नसते. त्यामुळे येथे फेरे वाकडे गेले तरी बिघडत नाही. लहान मुलांकडे सोपवण्यास हे काम सर्वांत योग्य. पंख्याखाली पूर्ण एक दिवस वाळल्यावर वाटी हलकेच फिरवून काढून घ्यावी. आतील अस्तरासाठी उरलेल्या सुतळीचे तुकडे घेऊन त्यांचा पीळ उलगडावा. सुटलेल्या तंतूंचा भुसभुशीत थर प्लॅस्टिकच्या गवतापेक्षा अधिक खरा भासतो. घरट्यात खाण्याची अंडी किंवा मार्झिपॅनची मिठाई ठेवायची असल्यास खाली केळीचे पान अंथरावे.

दारावरचे कडे

पाश्चात्त्य देशांत ईस्टरला दारावर पानाफुलांचे गोल कडे लावतात. त्याला ना आरंभ ना शेवट. म्हणून ते अनंत जीवनाचे प्रतीक मानले जाते. मराठी मनाला ‘पुष्पचक्र’ म्हटले की श्रद्धांजली आठवते. त्यामुळे अनेकांना हा प्रकार खटकण्याची शक्यता असते. सुतळीच्या कड्यात ही अडचण येत नाही.

पुठ्ठ्यातून २५ सेंटिमीटर बाह्य व्यासाचे आणि चार सेंटिमीटर रुंदीचे वलय कापावे. त्यावर आधी खाकी कागद चिकटवावा. सुतळीचे फेरे आतल्या कडेला दाटतात, तर बाहेरच्या कडेला त्यांच्यात फट पडते. खाकी कागदामुळे ती फट नजरेत येत नाही. पूर्ण वलयासाठी सुमारे ३० मीटर सुतळी लागते. एवढी लांब सुतळी वलयातून ओढत बसण्यापेक्षा पाच-पाच मीटरचे तुकडे करून पुठ्ठ्याच्या लहान पट्टीवर गुंडाळून घ्यावेत. तुकड्यांच्या गाठी मागील बाजूस याव्यात. कड्याच्या खालच्या भागात सुतळीची दोन-तीन अंडी बांधावीत आणि वर टांगण्यासाठी फासा ठेवावा. ज्यांना कडे नको, त्यांनी आंब्याची पाने आणि टरफले आळीपाळीने सुतळीत ओवून तोरण करावे. कोकण आणि गोव्याच्या दाराला ते अधिक साजेसे दिसेल.

वाळक्या फांदीचे झाड

जर्मनीत ईस्टरपूर्वी फांद्यांवर रंगीत अंडी टांगण्याची प्रथा आहे. सालफेल्ड येथील एका कुटुंबाने १९६५ मध्ये अंगणातील सफरचंदाच्या झाडावर १८ प्लॅस्टिकची अंडी टांगून सुरुवात केली आणि पुढील काही दशकांत ही संख्या दहा हजारांवर पोहोचली. घरातल्या झाडासाठी मात्र सहा अंडी पुरेशी ठरतात. पेरू किंवा आंब्याची गळून पडलेली, अनेक फाटे असलेली फांदी घ्यावी. मातीच्या मडक्यात वाळू भरून ती घट्ट रोवावी. मडक्याच्या गळ्याभोवती सुतळीचे फेरे द्यावेत आणि जड अंडी खालच्या, हलकी वरच्या फाट्यांवर टांगावीत. उभ्या झाडाची फांदी तोडण्याचा मोह टाळावा. नागरी भागातील वृक्षांना १९७५ च्या राज्य कायद्याने संरक्षण दिले असून, छाटणीसाठीही परवानगी लागते.

रंग स्वयंपाकघरातले

सुतळीच्या मातकट छटेला भडक रंग मानवत नाहीत. कांद्याच्या सालींचा तांबूस, हळदीचा पिवळा, चहाचा तपकिरी आणि जांभळ्या कोबीचा निळसर रंग तिच्या शेजारी उठून दिसतो. सात-आठ कांद्यांच्या साली दोन कप पाण्यात अर्धा तास उकळून गाळाव्यात आणि पाणी गार झाल्यावर त्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घालावे. पांढऱ्या कवचाची अंडी या पाण्यात दोन-तीन तास ठेवली की रंग चढतो. रिकामे टरफल पाण्यावर तरंगत राहते. म्हणून आधी अख्खे अंडे रंगवावे आणि नंतर ते रिकामे करावे. हळदीचा रंग उन्हात उडतो. अशी अंडी खिडकीपासून दूर असावीत.

सजावट केव्हा मांडावी

ख्रिस्ती परंपरेत ईस्टरपूर्वीचा आठवडा दुःखस्मरणाचा असतो. पवित्र गुरुवारच्या विधीनंतर वेदीवरील वस्त्रे काढून घेतली जातात आणि गुड फ्रायडेला चर्च निराभरण असते. शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी प्रज्वलित होतो, त्यावर मोठी पुनरुत्थानाची मेणबत्ती पेटवली जाते आणि मगच आनंदोत्सवाला आरंभ होतो. घरातील सजावटीनेही हाच क्रम पाळणे औचित्याचे ठरेल. वस्तू त्या आठवड्यात तयार कराव्यात; मांडाव्यात मात्र शनिवारच्या रात्रीनंतर. ईस्टरचा काळ पुढे पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवस चालतो. त्यामुळे एका दिवसात सारे उतरवण्याची घाई नसते.

झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित करून दिलेली पाने सजावटीसाठी कापू नयेत. ती घरातील क्रुसाजवळ जपून ठेवतात. पुढे अशीच पाने जाळून पुढील वर्षीच्या राखेच्या बुधवारची राख तयार केली जाते.

घ्यावयाची दक्षता

सुतळी चटकन पेट घेते, याचा विसर पडता कामा नये. सुतळीची घरटी, कडी आणि फांदी मेणबत्तीपासून दूर ठेवावीत. सुतळी गुंडाळलेल्या काचेच्या बरणीत दिवा हवाच असेल, तर तो बॅटरीवरचा असावा. दाभण आणि कात्रीचे काम मोठ्यांनी करावे. उकडून रंगवलेली अंडी केवळ शोभेसाठी दिवसभर टेबलावर ठेवली असतील, तर ती खाऊ नयेत. खायची अंडी दोन तासांपेक्षा अधिक काळ शीतकपाटाबाहेर राहू नयेत. मार्च-एप्रिलच्या मुंबईच्या उकाड्यात तर हा नियम अधिकच कटाक्षाने पाळावा.

सणानंतर

सुतळी हवेतील ओलावा शोषून घेते आणि पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. पेंटेकॉस्ट बहुधा मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला येतो, म्हणजे पावसाच्या तोंडावर. सजावट उतरवण्यास हीच वेळ योग्य. पांढऱ्या डिंकाने केलेल्या वस्तूंना ऊन दाखवून त्या कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवल्यास पुढील वर्षी उपयोगी पडतात. खळीने केलेली अंडी मात्र साठवू नयेत. सुतळी पाण्यात भिजवून सोडवावी आणि टरफले चुरून गुलाब-मोगऱ्याच्या कुंडीत घालावीत; त्यांतील कॅल्शियम हळूहळू मातीत उतरते.

सोडवलेली सुतळी वाळली की तिचा पुन्हा गुंडा करावा. तुकडे लहान असले तरी कुंडीतल्या टोमॅटोच्या रोपाला काठी बांधण्यास ते पुरतात, आणि मोठे तुकडे गॅलरीतील कारल्याच्या वेलाला पावसाळाभर आधार देतात. हंगाम संपेपर्यंत सुतळी कुजून मातीत मिसळू लागते.